जुन्या खड्ड्यांखालचे सोने

१८०२ साली लेफ्टनंट जॉन वॉरेन म्हैसूर राज्याची पूर्व हद्द मोजत कोलारच्या मुलखात आला. टिपू सुलतान श्रीरंगपट्टणात पडून तीन वर्षे झाली होती. जिंकलेला प्रदेश नकाशावर बसवण्याचे काम इंग्रजांनी हाती घेतले होते आणि वॉरेन त्यातलाच एक मोजणीदार. या भागातल्या जमिनीतून सोने निघते अशी वदंता त्याच्या कानावर आली. जो ते आणून दाखवील त्याला बक्षीस देऊ, असे त्याने जाहीर केले. थोड्याच दिवसांत उरिगमचे गावकरी मातीने भरलेली गाडी घेऊन त्याच्या तंबूपाशी आले. त्यांनी त्याच्यासमोर माती धुतली आणि तळाशी सोन्याची बारीक पूड चमकली.

वॉरेन तिथे थांबला नाही. जवळच्या मारिकुप्पमला लोक खड्ड्यांत उतरून दगड काढतात हे कळल्यावर तो तिथेही गेला. तिथले काम त्याने बारकाईने लिहून ठेवले आहे. तीस-पन्नास फूट खोल खड्डे, तळाशी लोखंडी हत्याराने दगड फोडणारे पुरुष, हातोहात वर येणाऱ्या टोपल्या. वर बायका बसलेल्या. त्या दगड मोठ्या शिळेवर कुटून पीठ करायच्या, ते विहिरीवर न्यायच्या आणि लाकडी फळीवर पाणी सोडून धुवायच्या. माती वाहून जाई, जड सोने मागे उरे. अर्ध्या क्विंटलाहून अधिक मातीतून जेमतेम एक ग्रेन सोने हाती लागे, म्हणजे गुंजभरही नाही. हे खड्ड्यांत उतरणारे लोक परैयर होते, गावकुसाबाहेरचे. एकाचेही नाव वॉरेनच्या नोंदीत नाही.

कोलारच्या सोन्याचा इतिहास बहुतेक ठिकाणी ‘वॉरेनने सोने शोधले’ या वाक्याने सुरू होतो. त्याचाच अहवाल वाचला तर दिसते की सोने त्याला दाखवण्यात आले. पुढच्या दोनशे वर्षांत हेच पुन्हा पुन्हा घडत गेले. गोऱ्या साहेबाच्या किंवा कंपनीच्या नावावर जमा झालेल्या जवळजवळ प्रत्येक शोधाखाली कुणा अनामिकाने आधी खणलेला खड्डा सापडतो. वॉरेन स्वतः साधा माणूस नव्हता. पुढे त्याने मद्रासच्या वेधशाळेत खगोलशास्त्रज्ञ म्हणून काम केले आणि दक्षिणेतल्या पंचांगपद्धतींवर ‘कालसंकलित’ नावाचा जाडजूड ग्रंथ लिहिला. त्याची नोंदवही प्रामाणिक होती. म्हणूनच तर हे खड्डे आपल्याला माहीत झाले.

कोलार आपल्याला अगदी परके नाही. सतराव्या शतकात हा परगणा शहाजीराजांच्या बंगळूर जहागिरीत मोडत होता. त्याच्या दगडाशी मात्र आपला फारसा परिचय नाही. महाराष्ट्राचा बराचसा भाग ज्या काळ्या कातळावर उभा आहे, तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाचा. भूशास्त्राच्या हिशेबात तो कालपरवाचा म्हणायचा. कोलारचा काळा खडकसुद्धा मुळात लाव्हाच, पण तो सुमारे २७० कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हा पृथ्वीवर झाडे नव्हती, प्राणी नव्हते, हवेत प्राणवायूही नावापुरताच होता. समुद्राच्या तळाशी वाहून थिजलेला हा लाव्हा पुढे गाडला गेला, दाबाखाली आणि उष्णतेत भाजून निघाला, त्याची ठेवणच बदलली आणि दोन्ही बाजूंनी ग्रॅनाइटसारख्या फिकट खडकांनी त्याला चेपले. आज तो उत्तर-दक्षिण ऐंशी किलोमीटर लांब, पण जेमतेम तीन-चार किलोमीटर रुंद असा पट्टा होऊन उरला आहे.

सोने या पट्ट्यात कसे आले? लाव्हा खोल गाडला जाऊन तापला, तेव्हा त्याच्या खनिजांत अडकलेले पाणी सुटे झाले. हे पाणी अतिशय गरम, त्यात गंधकाची संयुगे विरघळलेली. गंधकाच्या संगतीत सोनेही विरघळते. खडकाला जिथे जिथे कातर बसली होती तिथून हे द्रावण वर चढले. वाटेत दाब एकाएकी उतरला, किंवा द्रावणातले गंधक बाजूच्या लोहयुक्त खडकाशी जोडले गेले, की सोन्याला विरघळलेले राहता येईना. ते गारगोटीबरोबर भेगेत साचले. अशा भेगा एकदाच भरत नाहीत. खडक हलला की भेग पुन्हा उघडते, पुन्हा भरते. कोलारच्या मुख्य शिरेचा तुकडा हातात घेतला तर ही गोष्ट डोळ्यांना दिसते. गारगोटी पांढरी नसते, निळसर-करडी, कधी काळपट असते, आणि तिच्यात पातळ काळ्या रेघांचे थर एकाला एक चिकटून बसलेले असतात. प्रत्येक थर म्हणजे भेग एकदा उघडून मिटल्याची खूण. सोने मात्र बहुधा दिसत नाही. समृद्ध दगडातही ते इतके बारीक असते की अनोळखी माणूस तो दगड उचलून फेकून देईल.

शिवाय ते शिरेत सगळीकडे सारखे नसते. शीर जिथे वळते, दुमडते तिथे ते दाटते. मधल्या भागात कित्येक मीटर नुसती कोरी गारगोटी. पट्टा ऐंशी किलोमीटरचा असला तरी खरी मालामाल खाण चालली ती आठेक किलोमीटरच्या टापूत. म्हणून सोन्याच्या खाणीत वर्षानुवर्षे पैसा ओतून शेजारच्या दाट भागाला चुकणे सहज शक्य असते.

असे प्राचीन पट्टे दक्षिणेत आणखीही आहेत. रॉबर्ट ब्रूस फूट या भूशास्त्रज्ञाने त्यांना ‘धारवाड’ हे नाव दिले. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते आणि फूटने दक्षिण महाराष्ट्र म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या सगळ्या मुलखाची पाहणी केली होती. गदगजवळच्या कप्पतगुड्डाच्या ओढ्यांत वाळू धुऊन सोने काढणारे जलगार त्याच्या काळी होते. आपल्याकडे सराफ कट्ट्यावरची धूळ-राख धुऊन सोन्याचे कण वेचणारे झारेकरी असतात. जलगारांचा हातखंडाही त्याच जातीचा, फक्त त्यांची धूळ नदी आणून देत असे. त्याहून उत्तरेला, तेव्हाच्या निजामाच्या राज्यात, रायचूर जिल्ह्यातल्या हट्टीला जे सापडले ते थक्क करणारे आहे. तिथे जुन्या लोकांनी सुमारे १९५ मीटर खोल काम केले होते, आणि त्या कामातल्या लाकडाचे वय कार्बन पद्धतीने काढले तेव्हा ते दोन हजार वर्षांच्या आसपास निघाले. सुरुंगाची दारू नाही, पंप नाही. खडकाशी लाकडे पेटवायची, खडक तापून लाल झाला की पाणी ओतायचे, तडे गेले की फोडायचे. त्या धुरात आणि वाफेत दोनशे मीटर खाली माणसे काम करत होती. आपल्या प्राचीन वैभवाबद्दल बोलताना सोन्याचा धूर आपण अभिमानाने काढतो. हा खराखुरा धूर कुणाच्या छातीत गेला, ते कोणत्याही ताम्रपटात नाही.

महाराष्ट्राच्या वाट्याला या प्राचीन खडकांचा थोडा भाग पूर्व विदर्भात आला आहे. साकोली पट्ट्यात भूवैज्ञानिकांना सोन्याच्या खुणा मिळाल्या आहेत, पण आजवर तिथे खाण उभी राहिलेली नाही.

वॉरेनचा अहवाल १८०४ मध्ये छापला गेला आणि जवळजवळ विसरला गेला. सत्तर वर्षांनी बंगळूरच्या छावणीत राहणाऱ्या मायकेल फिट्झजेराल्ड लव्हेल या आयरिश निवृत्त सैनिकाने तो वाचला. तो न्यूझीलंडच्या माओरी युद्धात लढलेला होता आणि तिथल्या सोन्याच्या खाणी त्याने पाहिल्या होत्या. १८७१ मध्ये तो बैलगाडीने कोलारला गेला आणि जुने खड्डे पाहत फिरला. १८७३ मध्ये त्याने म्हैसूर सरकारकडे अर्ज केला आणि १८७५ च्या फेब्रुवारीत त्याला वीस वर्षांचा परवाना मिळाला. त्याच्याकडे अक्कल होती, भांडवल नव्हते. थोड्याच वर्षांत त्याने हक्क लष्करी अधिकाऱ्यांच्या एका गटाला विकले. बंगळूरला लव्हेल रोड आहे तो त्याच्याच नावाचा.

त्याच सुमारास शेजारी वायनाडमध्ये एक मोठा अनर्थ घडत होता. ऑस्ट्रेलियातून आलेल्या ब्रो स्मिथ या तज्ज्ञाने तिथल्या सोन्याचा आशादायक अहवाल दिला आणि १८७९ ते १८८१ या काळात लंडनमध्ये डझनावारी कंपन्या निघाल्या. पांडलूर आणि देवाळाच्या रानात यंत्रे पोचली, बंगले उठले, बाजार भरला. दगडात मात्र कागदावरचे सोने नव्हते. दोन-तीन वर्षांत सगळे कोसळले, लंडनच्या भागधारकांचे पैसे बुडाले आणि हिंदुस्थानातले सोने हा शब्दच बाजारात बदनाम झाला.

कोलारच्या कंपन्या याच लाटेतल्या. लंडनच्या जॉन टेलर अँड सन्स या अनुभवी पेढीने १८८० मध्ये इथला कारभार हाती घेतला, पण १८८३ पर्यंत म्हैसूर कंपनीची पुंजी संपत आली होती आणि हाती काही लागले नव्हते. भागधारक म्हणू लागले, गाशा गुंडाळा. टेलरने उरलेला पैसा पणाला लावायची परवानगी कशीबशी मिळवली आणि कॅप्टन प्लमर याला पाठवले. कॅप्टन म्हणजे फौजेतला नव्हे. कॉर्नवॉलच्या कथलाच्या खाणींत मुख्य खाणप्रमुखाला तसे म्हणत. प्लमरने खाणमालकांना सुचत नव्हते ते केले. जुन्या लोकांनी जिथे खणले होते त्या खड्ड्यांच्याच तळाशी तो उतरत गेला. पाणी, चिखल आणि भरलेला गाळ काढत त्यांच्या कामाच्या तळाखाली पोचल्यावर अखंड, अस्पर्श शीर लागली. तीच चॅम्पियन लोड, जगातल्या सर्वांत समृद्ध सुवर्णशिरांपैकी एक.

जुने लोक तळाशी का थांबले असावेत? माझ्या मते कारण साधे आहे. भूजल. एका पातळीखाली हाताने उपसून पाणी हटत नाही. सोने संपले म्हणून त्यांनी खाणी सोडल्या नसाव्यात, पाण्याने त्यांना बाहेर काढले असावे. त्यांची दिशा बरोबर होती, शीर बरोबर ओळखलेली होती. वाफेच्या पंपाने फरक पडला तो एवढाच.

त्यानंतरची चढण थक्क करणारी आहे. म्हैसूर, चॅम्पियन रीफ, उरिगम, नंदीदुर्ग, बालाघाट अशा खाणी एका ओळीत उभ्या राहिल्या. सुरुवातीच्या दगडात टनामागे चाळीस ग्रॅमहून अधिक सोने निघे. तो दगड स्टँप मिलच्या लोखंडी मुसळांखाली रात्रंदिवस कुटला जाई, पाऱ्याने मढवलेल्या तांब्याच्या पत्र्यांवरून वाहवला जाई आणि पारा सोने धरून ठेवी. पाऱ्याच्या हाती न लागलेले बारीक सोने आधी वाया जायचे. १८८७ मध्ये स्कॉटलंडमध्ये शोधलेली सायनाइडची पद्धत इथे आल्यावर तेही काढता येऊ लागले. सोन्याचा उतारा वाढवणारी ही पद्धत मागे काय ठेवून जाणार होती, ते पुढे कळले.

खाणींना वीज हवी होती. म्हैसूरच्या दिवाणपदी असलेल्या शेषाद्री अय्यरांच्या पुढाकाराने शिवनसमुद्रला कावेरीच्या धबधब्यावर वीजकेंद्र उभे राहिले. ३० जून १९०२ रोजी तिथली वीज सुमारे १४८ किलोमीटर तारांवरून कोलारला पोचली. इतक्या लांबवर वीज नेणे तेव्हा जगातही दुर्मीळ होते. बंगळूरच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागायला १९०५ उजाडावे लागले, म्हणजे शहराआधी खाणीत उजेड आला. त्याच १९०५ साली उत्पादनाने सहा लाख औंसांचा, म्हणजे जवळजवळ १९ टनांचा टप्पा ओलांडला. तेवढे सोने कोलारने पुन्हा कधीच दिले नाही. माल इंग्लंडला जाई, लाभांश लंडनला, आणि म्हैसूर दरबारला पाच टक्के रॉयल्टी मिळे.

आणि खाली कोण होते? खाणींवर पंचवीस-तीस हजार माणसे राबत होती. वर कॉर्नवॉलचे कॅप्टन आणि इंग्रज अभियंते, मधल्या जागांवर अँग्लो-इंडियन, आणि सगळ्यांत खोलात, सगळ्यांत धोक्याच्या जागी बहुतांश तमिळ दलित, उत्तर अर्काट आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दुष्काळाने आणि जमीनदारीने हुसकलेले. साहेबांसाठी बंगले, क्लब, गोल्फचे मैदान, थंड हवा. लोक त्याला ‘लिटिल इंग्लंड’ म्हणत. कामगारांसाठी बांबूच्या तट्ट्यांच्या खोल्या. पाळी संपवून वर आलेल्या प्रत्येक कामगाराची अंगझडती होई, कारण त्याच्या केसांत, तोंडात, कपड्यांत सोने असेल असे गृहीतच धरलेले असे.

शीर खाली जात राहिली आणि माणसे तिच्यामागे. शेवटी चॅम्पियन रीफ खाण ३.२ किलोमीटर खोल गेली. तिथे खडकाचे तापमान ६६ अंश सेल्सिअसच्या घरात. हात टेकला तर पोळतो. थंड केलेली हवा खाली सोडून मगच तिथे माणूस उभा राहू शके. पण उष्णतेपेक्षा भयंकर होते ते खडकाचे फुटणे. तीन किलोमीटर खडकाचा भार ज्या भिंतींवर आहे, त्यांच्यामधला दगड काढून घेतला की भिंतींवरचा ताण वाढत जातो, आणि एखाद्या क्षणी खडक अक्षरशः स्फोट होऊन बोगद्यात येतो. कोलारमध्ये याला आधी ‘एअर ब्लास्ट’ म्हणत, कारण हवेचा तडाखा आधी बसे. जमिनीवरच्या घरांतली भांडीसुद्धा हादरत. कामगार वस्तीत तो हादरा जाणवला की बायका खाणीच्या तोंडाशी धावत.

स्फोटात मेला त्याची निदान नोंद होई. गारगोटीची धूळ फुप्फुसात साचून हळूहळू श्वास कोंडणाऱ्या सिलिकोसिसने किती गेले, ते कुणीच मोजले नाही. भारतात या रोगाच्या सुरुवातीच्या वैद्यकीय नोंदी कोलारच्याच खाणकामगारांच्या, त्याही विसाव्या शतकाच्या चाळिशीत झालेल्या. तोवर खाणी सुरू होऊन साठ वर्षे उलटली होती.

पण ही माणसे नुसती सोसत राहिली नाहीत, हे मला आवर्जून सांगायचे आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच इयोथी दास पंडितांच्या बौद्ध संघाची शाखा मारिकुप्पमला निघाली. जातीचे जू झुगारून खाणकामगार बुद्धाकडे वळले, नागपूरच्या दीक्षाभूमीवरील धम्मदीक्षेच्या जवळजवळ पन्नास वर्षे आधी. आंबेडकरी चळवळीचा इतिहास लिहिताना आपण या पूर्वसुरींचा उल्लेख क्वचितच करतो. तो व्हायला हवा. १९३० च्या एप्रिलमध्ये कंपन्यांनी कामगारांच्या बोटांचे ठसे घेऊन सक्तीची नोंदणी सुरू केली. एकदा काढलेला माणूस दुसऱ्या खाणीत लागू नये, हा त्यामागचा हेतू. हजारो कामगारांनी सुमारे तीन आठवडे खाणी बंद पाडल्या. गुन्हेगाराचे घेतात तसे आमचे ठसे का, हा त्यांचा प्रश्न होता.

याच खोलीचा एक वेगळाच उपयोग पुढे झाला. अवकाशातून येणारे किरण वरच्या खडकात अडतात आणि खूप खाली फक्त अतिशय भेदक कण पोचतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून डॉ. होमी भाभांनी १९५१ च्या सुमारास श्रीकांतन या संशोधकाला कोलारला पाठवले आणि तिथे खोलवर मोजमापे सुरू झाली. १९६५ मध्ये चॅम्पियन रीफमध्ये सुमारे २.३ किलोमीटर खोल, मुंबई, जपानमधले ओसाका आणि इंग्लंडमधले डरहॅम यांच्या संशोधकांनी वातावरणात तयार होणारे न्यूट्रिनो ओळखले. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीत हाच शोध घेणाऱ्या गटाच्या काही दिवस आधी त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. उपकरणे खाली नेणारी, भिंती सांभाळणारी, पाणी उपसणारी माणसे तीच होती.

१९५६ च्या अखेरीस म्हैसूर सरकारने खाणी ताब्यात घेतल्या. १९६२ मध्ये त्या केंद्राकडे गेल्या आणि १९७२ मध्ये भारत गोल्ड माइन्स ही कंपनी झाली. तोवर सोपे सोने संपले होते. कित्येक वर्षे खाणींचे सोने सरकारला आंतरराष्ट्रीय अधिकृत भावाने, दहा ग्रॅमला ५३ रुपये ५८ पैशांच्या दराने द्यावे लागे. बाजारात भाव त्याहून चढा होता. तोटा कागदावर खाणीचा दिसे, फायदा देशाच्या गंगाजळीत जमा होई. पुढे ‘तोट्यातल्या खाणी’ हेच बंद करण्याचे कारण ठरले, तेव्हा हा जुना हिशेब कुणी पुढे आणला नाही. शेवटी दगडात टनामागे जेमतेम तीन ग्रॅम सोने राहिले होते. २८ फेब्रुवारी २००१ रोजी खाणी बंद झाल्या. पंप थांबले, आणि प्लमरने उपसलेले पाणी जवळजवळ एकशेवीस वर्षांनी परत खाणीत भरू लागले.

आज केजीएफमध्ये, म्हणजे कोलार गोल्ड फील्ड्समध्ये, पहिल्यांदा नजरेत भरतात ते सायनाइडचे डोंगर. काढून टाकलेल्या दगडाच्या पिठाचे हे ढीग, तेरा मोठे, सव्वातीन कोटी टनांच्या वर. वाऱ्याच्या दिवसांत त्यांची पांढुरकी धूळ घराघरांत शिरते. ज्यांच्या बापांच्या फुप्फुसात खालची धूळ गेली, त्यांच्या मुलांना आता वरची धूळ मिळते आहे. जुनी माणसे राहत्या घरांच्या मालकीसाठी आणि थकलेल्या देण्यांसाठी वर्षानुवर्षे खेटे घालत आली आहेत. तरुण पहाटेच्या गाडीने बंगळूरला कामाला जातात आणि रात्री परततात.

या ढिगांत अजून थोडे सोने आहे, आणि खाणी पुन्हा खुल्या करण्याची भाषा अधूनमधून होते. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जागतिक निविदेला मार्गही मोकळा करून दिला होता. ते ढीग उपसायचे असतील तर खुशाल उपसावेत. पण त्या निविदेच्या पहिल्या पानावर धुळीचा बंदोबस्त, जुन्या कामगारांची फुप्फुस-तपासणी आणि घरांची मालकी या तीन गोष्टी असाव्यात, सोन्याचा भाव नंतर. कोलारच्या खाणींनी एकशेवीस वर्षांत सुमारे ८०० टन सोने दिले. आपला देश आता जवळपास तितके सोने एका वर्षात परदेशातून विकत घेतो.